दोघांसाठी अख्खी बोट

भवसागर कसा तरून जावा याचे उपाय थोरामोठ्यांनी गाऊन-नाचून, टाळ्या वाजवून सांगून ठेवले आहेत. साध्या, खाऱ्या, मासे असलेल्या सागराबद्दल मात्र कुणी फारसं बोललेलं नाही. ही उणीव चष्मेवाल्या दादांना सुट्टीतल्या एका सकाळी धक्क्यावर उभं राहिल्यावर फार जाणवली. समोर बोट होती. बोटीखाली पाणी होतं. पाण्याखाली काय असेल याचा विचार दादा आता करत नव्हते. तो आधीच पोटभर करून झाला होता.

दादा मुळात पाण्याचे नव्हेत. पूल ओलांडायचा तर ते रस्त्याच्या बरोबर मधोमध चालत. मागच्या गाड्यांचे भोंगे आणि त्यापाठोपाठची मुक्ताफळं ऐकून घेत, पण कठड्याकडे सरकत नसत. मासा त्यांनी जन्मात पकडला तो ताटातला, तोही काट्याच्या धास्तीने बायकोने आधी तपासून दिलेला. अशा माणसाने खोल समुद्रात गळ टाकायला अख्खी बोट भाड्याने घ्यावी आणि वर ‘दोघांसाठीच हवी, तिसरा माणूस नको’ असं बजावावं, म्हणजे त्याच्या पोटात समुद्राहून खोल काहीतरी असणार हे उघड आहे.

होतंच. दादांना आपल्या धाकट्या भावाला दोन शब्द सांगायचे होते. जाऊ नकोस.

आता तुम्ही म्हणाल, एका दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारी बसणाऱ्या भावाला दोन शब्द सांगायला समुद्र कशाला लागतो? तर ऐका.

दोघा भावांचं चष्म्यांचं दुकान. दोघेही डोळे तपासायचे. पण दादांचा स्वभाव असा, की कुलूप लावलं तरी ते ओढून बघणार, कोपऱ्यापर्यंत जाणार, आणि परत येऊन पुन्हा ओढणार. हाच न्याय त्यांनी धाकट्याच्या कामाला लावला. धाकट्याने एखाद्याचा नंबर काढला की दादा आपल्या खुर्चीवरची धूळ झटकत म्हणत, “या, इकडे बसा. पुन्हा एकदा बघू.” गल्लीत त्यांना ‘पुन्हा-एकदा’ असंच नाव पडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने दादांच्या खुर्चीतून उठता उठता सहज विचारलं, “मग ते दुसरे शिकाऊ आहेत वाटतं?” धाकट्याने हातातलं भिंग खाली ठेवलं, आणि त्या दिवसापासून तो दादांशी बोलला नाही.

आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. फक्त सगळं बोलणं गिऱ्हाइकातर्फे. “काका, त्यांना जरा सांगता का, तुमची फ्रेम वरच्या खणात आहे.” काका हाताच्या अंतरावर बसलेल्या दादांना सांगत, “फ्रेम वरच्या खणात आहे म्हणतात.” दादा म्हणत, “त्यांना सांगा, मिळाली.” गिऱ्हाइकांनाही याची सवय झाली, काहीजण तर चष्मा मिळाल्यावरही हौसेने निरोप पोचवायला बसून राहत. दुकान रिकामं असलं की दोघे भाऊ पंख्याची कुरकुर ऐकत बसत. धाकटा दूरच्या शहरातल्या मोठ्या नेत्रालयात नोकरीला चाललाय, ही बातमीसुद्धा दादांना एका मोतीबिंदूच्या आजींकडून कळली.

सगळं काही गिऱ्हाइकातर्फे सांगता येतं. ‘जाऊ नकोस’ तेवढं येत नाही. दादांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा एका पोस्टमनला मध्ये घालून ते म्हणाले, “त्यांना सांगा...” इथपर्यंत आले, आणि पुढे म्हणाले, “...स्क्रू संपलेत.” धाकट्याने निमूट स्क्रू मागवले. असं बऱ्याचदा झालं. दुकानात आज पुढच्या दोन पिढ्यांना पुरतील इतके स्क्रू आहेत.

बोटीची युक्ती न्हाव्याची. दादांच्या गालाला साबण फासत तो म्हणाला, “दादा, माणूस दोनच ठिकाणांहून रागानं उठून जाऊ शकत नाही. एक माझ्या खुर्चीतून, अर्धी दाढी झालेली असताना. दुसरं भर समुद्रातल्या बोटीतून. सुट्टीला दोन्ही कुटुंबं समुद्रावर चाललाच आहात, तर घ्या की एक बोट. मासे धरायला जातो म्हणा. तुम्ही दोघं, आणि बोटवाला पुढे सुकाणूशी. मधे तिसरा माणूसच नाही म्हटल्यावर तो निरोप कुणातर्फे धाडणार? माशातर्फे?”

दादांना हे इतकं पटलं, की आपल्याला पाण्याची भीती वाटते हे त्यांना दाढी पुसल्यावरच आठवलं.

तोवर बातमी गल्लीभर झाली होती. आपल्या लोकांचं एक आहे : कुणी बुडायला निघालं तर हात कुणी देणार नाही, पण सल्ला काठोकाठ. किराणावाला म्हणाला, आलं चघळा. औषधवाल्याने मळमळीच्या गोळ्या दिल्या, आणि या गोळीने झोप येते, हे दार ओढून घेताना सांगितलं. शेजारचे विमावाले तर घरी येऊन बसले.

“लाटेकडे बघायचंच नाही,” ते म्हणाले. “क्षितिजाकडे बघायचं. क्षितिज हलत नाही.”

“आणि हललं तर?” दादांनी विचारलं.

विमावाले पॉलिसीचे कागद चाळू लागले. “मग परिस्थिती गंभीर आहे असं समजायचं. बरं, तुमच्या पॉलिसीत समुद्र बसत नाही असं मी म्हणत नाही हं. बसतो असंही म्हणत नाही.”

त्या रात्री दादा झोपले नाहीत. आणि विमावाल्यांनाही शेजाऱ्याची इतकी काळजी लागली, की तेही सासूबाईंना घेऊन त्याच गावी, त्याच विश्रामगृहात, बरोबर शेजारच्या खोलीत सुट्टीला आले.

बोट ठरली. धाकट्यापर्यंत प्रस्ताव दोन्ही जावांमार्फत गेला. त्या दोघी एकमेकींशी बोलत, तेही जरा जास्तच. धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, उत्तर घेऊन आली. “हे येतो म्हणालेत. लहानपणापासून हौस आहे ना गळ टाकायची. पण म्हणाले, त्यांना सांग, मी माशांसाठी येतोय.”

“त्यांना सांग, मीसुद्धा,” दादा म्हणाले आणि खोलीत जाऊन आरशासमोर ‘जाऊ नकोस’ची तालीम करू लागले. विनंतीच्या सुरात करून पाहिली, हुकमाच्या सुरात करून पाहिली. आरशातला माणूस दोन्ही वेळा ‘स्क्रू संपलेत’ म्हणेल असं वाटत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या संध्याकाळी दादांच्या बायकोने, म्हणजे मोठीने, बोट प्रत्यक्ष पाहिली.

“अहो, सहा माणसं बसतात की हिच्यात!”

“बसोत. आपण दोघांसाठीच घेतली आहे. तुला माहीत आहे ना कशासाठी.”

“माहीत आहे हो. पण भाडं अख्ख्या बोटीचं. दोघंच गेलात तर चार जागा रिकाम्या जाणार. तेवढ्या जागांचे पैसे खाऱ्या पाण्यात?” तिचा जीव खरोखर कासावीस झाला होता. “मी एक येते. कोपऱ्यात बसेन. कानात कापूस घालते, म्हणजे झालं? तुमचं बोलणं तुम्ही करा.”

कापूस घातलेली बायको ही तिसरी व्यक्ती धरायची की नाही, यावर दादा विचार करत होते, तेवढ्यात धाकटी म्हणाली, “ताई जातायत तर मी एकटी इथं भिंतीशी बोलू का?” तिलाही कापूस मिळाला. आणि दोन जागा उरल्या. उरलेल्या जागा दिसत असताना मध्यमवर्गीय माणसाला झोप येत नाही. मोठीने त्या विमावाल्यांना आणि त्यांच्या सासूबाईंना देऊन टाकल्या आणि शांत झोपली. दादा जागेच.

अशा रीतीने तिसरा माणूस नसलेल्या बोटीत तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा माणूस झाला.

सकाळी बंदराच्या कचेरीत परवानगी घ्यायची होती. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता दादांना विचारलं, “बोटीचं काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला?”

“भावाला,” दादा चटकन म्हणाले. तेवढं एक उत्तर त्यांना विचार न करता येत होतं.

“भाऊ कुठे असतो?”

“हा काय, मागे बाकावर बसलाय.”

“तो बोटीत नाही ना येणार?”

“येणार आहे.”

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. “अहो, मग तोही बुडेल ना? बुडालेल्या माणसाला आम्ही कसं कळवणार?”

बुडणं हा शब्द सरकारी तोंडून इतक्या सहज बाहेर पडलेला ऐकून दादांनी खिडकीचे गज धरले. दुसरं कुणी? बायको? तीही येणार. भावजय? तीही. शेजारी? मागून विमावाले आनंदाने म्हणाले, “आम्हीपण!” शेवटी दादांनी न्हाव्याचं नाव दिलं. तेव्हा बाकावरून धाकट्याचा आवाज आला, “साहेब, त्यांना सांगा, आधी लाइफ जॅकेट उलटं घातलंय ते सुलटं करा म्हणावं.” कारकुनाने इमानाने निरोप सांगितला. दादांनी जॅकेट सुलटं केलं, आणि खात्री म्हणून त्यावर आणखी एक चढवलं.

बोट निघाली. बोटीचा मालक, ज्याला बंदरावर सगळे तांडेल म्हणत, तो सुकाणूशी उभा होता. पाठीमागच्या बाजूला गळाच्या दोन काठ्या खोबणीत रोवल्या होत्या, त्यांच्या दोऱ्या पाण्यात दूर गेल्या होत्या. एका काठीपाशी धाकटा. दुसरीपाशी दादा, पण त्यांचे दोन्ही हात बाकाच्या लोखंडी नळीला होते, आणि दोरीच्या एका तुकड्याने त्यांनी स्वतःला त्या नळीशी बांधूनही घेतलं होतं.

किनारा दिसत होता तोवर मंडळी खुशीत होती. आणि दादांना भीती होती तेच सुरू झालं. धाकटा म्हणाला, “वहिनी, त्यांना सांगा, दोरी ढिली सोडा.” मोठीने कानातला कापूस काढला, ऐकलं, सांगितलं, पुन्हा घातला. दादा म्हणाले, “त्याला सांग, मला नळी सोडता येत नाही.” पुन्हा कापूस निघाला. बाजूला विमावाले मदतीला टपूनच होते. तांडेलाने दोनदा मागे वळून पाहिलं. त्याच्या बोटीवर आजवर मुके येऊन गेले होते, बहिरे येऊन गेले होते, पण हा प्रकार त्याला नवीन होता.

दादा क्षितिजाकडे बघत होते. ते हलत होतं.

मग खोल पाणी आलं. बोट वर जाई तेव्हा पोट खाली राही. बोट खाली येई तेव्हा पोट वर निघालेलं असे. दोघांची वाटेत कुठेतरी चुकामूक होई. पहिले विमावाले गेले, म्हणजे बादलीकडे. क्षितिजाची महती सांगता सांगता मधल्या शब्दावरच गेले. मग धाकटी “आई गं” म्हणून आडवी झाली. मोठीने कठड्यावरून मान बाहेर काढली ती आत घेतलीच नाही. कापसाचा एक बोळा तेवढा वाऱ्यावर उडून गेला. सासूबाईंनी निघतानाच दादांकडून औषधवाल्याची गोळी घेतली होती, त्या ताठ बसल्या बसल्या घोरत होत्या. आख्यान ऐन रंगात यावं आणि टाळकरी एकेक करून उठून जावेत, तशी बोटीची अवस्था झाली.

दादांना मात्र अजून काही झालं नव्हतं. भीतीने त्यांच्या पोटाला इतकं आवळून धरलं होतं, की त्यात मळमळीला शिरायला फट नव्हती. आता बोलावं, त्यांना वाटलं. आता मधे कुणी नाही. त्यांनी तोंड उघडलं.

आणि धाकट्याच्या काठीवर मासा लागला.

रीळ किंचाळत फिरायला लागलं, काठी कमानीसारखी वाकली. धाकट्याने ती खोबणीतून उपसून छातीशी धरली. मासा मोठा होता. तो दिसत नव्हता, पण बोटीच्या मागे पाणी फाटत होतं. धाकट्याचा पाय ओल्या फळ्यांवरून सरकला. तो गुडघ्यावर आला, तोंडावर पाण्याचा सपकारा बसला, आणि नाकावरचा चष्मा उडून समुद्रात गेला. धाकट्याची नजर चष्म्याशिवाय हातभर पलीकडे चालत नाही. काठी धरून तो मागच्या कठड्याकडे ओढला जात होता, आणि कठडा कुठे संपतो हे त्याला दिसत नव्हतं.

दादांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं.

“अगं, त्याला सांग, काठी सोड!” मोठीची पाठ नुसती हलली. “विमावाले, त्याला सांगा!” बादलीतून एक खोल आवाज आला, त्यात शब्द नव्हता. सासूबाई घोरत होत्या. दादा तांडेलाकडे वळले. “तांडेल, त्याला सांगा हो, काठी सोड म्हणावं!”

“तुम्हीच सांगा की!” सुकाणू पोटाशी धरून तांडेल खेकसला. “तो काय परगावी आहे?”

धाकटा आणखी सरकला. एक पाय कठड्यावर आपटला.

दादांनी स्वतःला बांधलेली दोरी सोडायला घेतली. गाठीवर गाठ मारलेली, सुटेना. दातांनी ओढली. सुटली तसे ते रांगत गेले, मागून धाकट्याच्या कमरेला मिठी मारली आणि कानाशी बोंबलले, “गाढवा, सोड ती काठी!”

“नाही सोडणार!”

“सोड म्हणतो ना!”

“तू कोण सांगणार? माझा मासा आहे! मी धरलाय!”

“पाण्यात जाशील!”

“जाईन! पण हा तुला पुन्हा एकदा तपासायला देणार नाही!”

मासा ओढत होता, धाकटा काठी ओढत होता, दादा धाकट्याला ओढत होते. आणि तिघांच्या त्या ओढाताणीत गेल्या उन्हाळ्यापासून तुंबलेलं सगळं बाहेर पडायला लागलं.

“माझ्यावर विश्वास नव्हता, तर दुकानात बसवलंस कशाला?”

“विश्वास नव्हता कोण म्हणतं?”

“तू म्हणतोस! रोज म्हणतोस! सगळ्यांसमोर खुर्ची झटकून म्हणतोस!”

“अरे, मी कुलूपसुद्धा दोनदा ओढतो! कुलपानं कधी अबोला धरलाय?”

“मी कुलूप आहे का?”

“नाहीस! तुझा नंबर बरोबर असतो! दर वेळी बरोबर असतो! मी तपासतो आणि तुझाच नंबर येतो!”

धाकट्याचे हात क्षणभर ढिले पडले. “काय म्हणालास?”

“बरोबर असतो म्हटलं!”

“मग हे मला कधी सांगितलं नाहीस ते?”

“सांगितलं की! वकिलीणबाईंना सांगितलं! त्या मोतीबिंदूच्या आजींना सांगितलं! सगळ्या गल्लीला सांगितलं, माझा भाऊ माझ्यापेक्षा बरा डोळे तपासतो! त्यांनी तुला नाही सांगितलं?”

“नाही!”

“मग त्यात माझी काय चूक? मेल्यांना फ्रेमचे निरोप पोचवता येतात, आणि हा नेमका नाही!”

टण् असा आवाज झाला. दोरी तुटली. दोघे भाऊ, काठी आणि दोन लाइफ जॅकेटं असा सगळा ऐवज मागे बोटीच्या तळाशी आदळला. मासा गेला. कठड्यावरची मोठी त्या आवाजाने वळली. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तिने दोघांना पडल्या पडल्याही एकमेकांच्या तोंडावर ओरडताना पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “भांडतायत गं,” ती धाकटीला हलवून म्हणाली. “ऊठ, बघ तरी, कसे छान भांडतायत!”

दादा उठून बसले. आता. आता सांगायचंच. त्यांनी धाकट्याचा दंड धरला, तोंड उघडलं, आणि इतका वेळ भीतीने रोखून धरलेलं पोट नेमकं त्या घडीला मोकळं झालं. जेमतेम कठडा गाठला. एक थंडगार, ओला तळहात त्यांच्या कपाळाला लागला. धाकट्याने त्यांचं डोकं धरलं होतं, लहानपणी दादा त्याचं धरत तसं.

“जाऊ नकोस,” दादा समुद्राकडे तोंड करून म्हणाले. मग पुन्हा पोट उसळलं. “जाऊ...” मग पुन्हा. “नकोस रे.”

धाकट्याने कपाळावरचा हात काढला नाही.

“जाणार आहे, दादा,” तो म्हणाला. “तू तोंडावर विचारलंस, म्हणून तोंडावर सांगतो. तुझ्यावरच्या रागानं नाही चाललो. तिथं मोठी यंत्रं आहेत, मोठे डॉक्टर आहेत. मला शिकायचंय. राग नसता तरी गेलो असतो.”

“मग राग?”

“राग इथंच ठेवून जाणार होतो. न्यायला जड आहे.”

दादांनी तोंड धुतलं. आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, आणि तरी गेल्या उन्हाळ्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखंही. दोन्ही एकदम कसं वाटतं हे त्यांना कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तांडेल सोडला तर बोटीत धड शुद्धीवर कुणी नव्हतं. सासूबाई तेवढ्या जाग्या झाल्या, इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, “लागला का मासा?” आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा झोपल्या.

“जा,” दादा म्हणाले. “पण महिन्याकाठी येत जा. आणि भांडायचं असलं तर फोन करत जा. पत्र नको, माणूस नको.”

“करीन.”

“मी उचलीन.”

धक्का आला. बोट आणि धक्का यांच्यामध्ये एक अरुंद फळी टाकलेली, दर लाटेला वरखाली होणारी. खाली काळंशार पाणी डुचमळत होतं. तांडेलाने मोठीला, धाकटीला आणि विमावाल्यांना हाताला धरून उतरवलं, सासूबाईंना उचलूनच नेलं, आणि बोटीचा पुढचा दोर आवळायला गेला. मागे राहिले दोघे भाऊ.

“मला फळी दिसत नाही,” धाकटा म्हणाला. “चष्मा नाही. तू पुढे हो, मी तुझा खांदा धरतो.”

दादांनी फळीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि देवाचं नाव घेऊन पाऊल टाकलं. फळी करकरली. खांद्यावर धाकट्याची बोटं रुतली. दोन पावलं गेली. आणखी एक.

“सरळच आहे ना रे, दादा?”

“सरळ आहे.”

“कडेला किती जागा आहे?”

“मला काय विचारतोस?”

“मग कुणाला विचारू? पुढे तूच आहेस. बघतोयस ना?”

“छे. मी डोळे मिटलेत.”

धाकटा फळीच्या मधोमध थबकला. “डोळे मिटलेस? अरे, मला दिसत नाही आणि तू बघत नाहीस! मग चाललोय कुणाच्या भरवशावर?”

“तू बोलत राहा,” दादा म्हणाले. “थांबू नकोस. बोलत राहा नुसता.”

आणि धाकटा बोलत राहिला. त्यात एकही चांगला शब्द नव्हता. दादांच्या अकलेपासून सुरुवात करून तो त्यांच्या दोन लाइफ जॅकेटांपर्यंत आला होता. दादा मान डोलावत, कीर्तन ऐकल्यासारखे, एकेक पाऊल टाकत पुढे चालले होते.